टॉवेलाखाली विकलेला फॉरवर्ड

श्रीरामपूरचं ते प्रकरण निवृत्तीनंतरही माझ्या मनातून गेलेलं नाही. मी तिथे निरीक्षक होतो. सकाळची हजेरी चालू असताना एक नर्स ठाण्यात आली. तिचा धाकटा भाऊ तिथल्या फुटबॉल क्लबचा फॉरवर्ड होता. जिल्ह्याच्या लीगमध्ये त्याचा खेळ बघायला मैदान भरायचं. तो बेपत्ता होता आणि फोन बंद होता.

"भांडून गेला असेल, ताई," ठाणे अंमलदार म्हणाला.

"खेळायला गेला असता तर बूट नेले असते. बूट दारात आहेत."

मला ते पटलं. बेपत्ता नोंद घेतली आणि क्लबच्या अध्यक्षाला विचारलं. बागायतदार माणूस, बोलायला गोड. "मोठ्या टीमच्या नादानं गेला आसंल, साहेब. आमाला कायबी सांगितलं न्हाई."

खबर आली ती जनावरांच्या बाजारातून. खबऱ्या म्हणाला, "अध्यक्ष आन आपल्याच जिल्ह्यातल्या नागापूरच्या कारखान्याच्या टीमचा मॅनेजर टॉवेलाखाली हात घालून बसले हुते. पन जनावर काय घेतलं न्हाई दोघांनी."

बाजारात जनावराचा भाव तोंडाने सांगत नाहीत. हातावर टॉवेल टाकायचा आणि आत बोटं दाबून आकडा कळवायचा. माझे वडील त्याच बाजारात दलाल होते. मी त्या टॉवेलाखालच्या कमाईवर शिकलो, कुणाच्या वशिल्यावर नाही. लीगमध्ये खेळाडू दुसरीकडे देताना फी घेतात, त्यात गैर काही नाही. पण ती कमिटीसमोर ठरते आणि खेळाडूची संमती लागते. इथे सौदा जनावराचा नाही, त्या पोराचाच झाला असावा, आणि संमतीच घेतलेली दिसत नव्हती.

अध्यक्षाला पुन्हा बोलावलं. दरडावून झालं, तो ढिम्म हलेना. माझं डोकं तापलं होतं, पण मी चहा मागवला, हवालदाराला दाराआड उभं केलं आणि टेबलावर टॉवेल टाकला. "मिटवायचं असेल तर बोला. तोंडानं नको."

त्याच्या चेहऱ्यावरचा ताण गेला. हात आत आला, बोटं दाबली. मी मान हलवून त्याची आणखी दोन बोटं धरली. तो हात मागे ओढत म्हणाला, "एवढं कुठनं देऊ, साहेब? गडी तेवढ्याला गेलाच न्हाई."

मी टॉवेल उचलला. हवालदार आत आला. अध्यक्ष आपल्याच हाताकडे बघत राहिला.

मग सगळं बाहेर आलं. लीगची नोंदणी संपेपर्यंत दुसऱ्या कुठल्या टीमने पळवू नये म्हणून गडी नागापूरला एका खोलीत कोंडला होता. मी विचारलं, भाव किती वेळ चालला? "कसला येळ? पयल्याच आकड्याला हो म्हनलो. गडी काय, दरसाल नवे येत्यात."

खोलीचं कुलूप तोडलं तेव्हा तो भिंतीला टेकून बसला होता. त्याला जीपमध्ये घेतलं. राहुरी मागे पडल्यावर म्हणाला, "साहेब, मला देताना ते अडून बसले होते का? का लगेच सोडलं?"

किती पैसे आले, हे त्याने विचारलंच नाही.

मी म्हणालो, "अडले होते. बराच वेळ हात सोडत नव्हते."

तो खिडकीबाहेर तोंड करून रडला. घरी पोचल्यावर बहिणीने दारातले बूट त्याच्यापुढे ठेवले.

डांबून ठेवल्याचा गुन्हा दाखल केला. त्यावर वरून फोन आले, मी आवाज चढवला आणि महिन्याभरात माझी बदली झाली. तपासाचं कौतुक दुसऱ्याच्या नावावर गेलं. ते मी विसरलेलो नाही, विसरणारही नाही. माणसाला आपला भाव कळला नाही तरी चालतं. आपल्याला सोडताना कुणाचा तरी हात अडखळला होता, एवढं मात्र त्याला हवं असतं. हे मला त्या पोराने शिकवलं.

श्रीरामपूर सोडायच्या दिवशी सामान जीपमध्ये भरून झालं होतं. ड्रायव्हरने किल्ली फिरवली. मी म्हणालो, "जरा थांब." ठाण्याच्या फाटकाकडे बघत बसलो. कुणी आलं नाही.

"निघायचं का, साहेब?"

"थांब रे अजून थोडं," मी म्हणालो.