वेलचीचा वास

मंडळी, आज सकाळी मी जे केलं ते सांगायला लाज वाटतेय, तरी सांगते.

या श्रावणात मी नेम केलाय. रोज देवापुढे बसायचं आणि ज्यांच्यामुळे आपलं बरं चाललंय, त्यांचे आभार वहीत लिहायचे. आज लिहीत असतानाच बेल वाजली. दारात आमची कोळीण मावशी. अंधेरीच्या आमच्या बिल्डिंगमध्ये ती बारा वर्षं मासे घेऊन येते.

मी भडकलेच. “काय गं मावशी, श्रावणात मासे घेऊन दारात?”

“मासे नाय गं बाय.” तिने डबा पुढे केला. “काल नारळी पुनव झाली ना, नारळाच्या वड्या हायेत. दर्याला नारळ देताना तुझ्या घरासाठी पण हात जोडले. तुम्ही खाता म्हणून आमची होडी चालते.”

आणि मी काय केलं? तिच्यासमोरच डबा नाकाशी नेला. वास वेलचीचा होता.

“हात धुतलेत गं साबणाने,” ती हळूच म्हणाली आणि गेली.

वही उघडीच होती. ऊन, चहा, श्वास, सगळ्यांचे आभार मानून झालेत. म्हटलं, आज तिचं नाव लिहू. पेन उचललं आणि कळलं, मला ते माहीतच नाही.

गणपती झाले की ती पापलेट घेऊन येईल. बारा वर्षांनी एखाद्याला नाव कसं विचारतात, सांगाल?