गोदाआत्या आणि दक्षिणेचं खिंडार

गोदाआत्या मडकं विकण्याआधी ते कानाशी धरून बोटाच्या पेरानं वाजवायची. खणखणीत बोललं तर गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची, भद्द बोललं तर तिथंच फोडायची, मग घरात ज्वारीचा दाणा नसला तरी. "खोटं मडकं लोकाच्या घरी गळतं अन् नाव माझं घेतं," म्हणायची. माणसांनाही ती असंच वाजवून घ्यायची. मी काही नवं बोललो की माझ्या कपाळावर टकटक करून कान लावायची.

ती माझ्या वडिलांची बहीण. कुंभार पिंपळगावात आमच्या भिंतीला भिंत लागून तिचं घर. दोन्ही घरांची गुजराण एकाच चाकावर होती. आमच्यात बायका माती तुडवतात, मडकं थापून वाढवतात, पण चाक फिरवत नाहीत. माझ्या वडिलांचा उजवा हात भट्टीत भाजून आखडलेला, आत्याचे मालक आधीच गेलेले. म्हणून तिचा थोरला मुलगा नामा मिसरूड फुटायच्या आतच चाकावर बसला. बाजारात मडक्यांच्या बदल्यात ज्वारी मिळायची. ज्या आठवड्यात मिळायची नाही, त्या आठवड्यात चूल एकदाच पेटायची. एवढ्यातूनच त्यांनी मला जालन्याच्या शाळेत आणि पुढं हैदराबादला कॉलेजात घातलं. माझ्या आधी आमच्या कुळात सही करणारा कुणी नव्हता. हे सांगताना मला लाज नाही, उलट छाती भरून येते.

मी कॉलेजात पहिल्याच वर्षाला असताना, माघातल्या पंचमीला दिवेलागणीच्या वेळी, नदीकाठी माती खणताना नामाच्या अंगावर दरड कोसळली आणि तो गेला. त्याचा धाकटा भाऊ सखा तेव्हा काठावर गाढव धरून उभा होता.

त्या उन्हाळ्यात मी गावी आलो, तर आत्या कुणाशी बोलत नव्हती. जेवणं झाल्यावर मी तिच्याजवळ ओट्यावर बसलो. काहीतरी बोलायचं म्हणून कॉलेजात ऐकलेलं सांगितलं. दक्षिणेला बाभळींच्या शेंड्यांवर एक ठळक चांदणी दिसते. ती आपल्या सूर्यासारखाच एक सूर्य आहे, अगदी शेजारचा. तरी तिचा उजेड इथं यायला चार वर्षं आणि वर चार महिने लागतात. आपलं इथलं तिकडं दिसायलाही तेवढाच वेळ.

आत्यानं माझ्या कपाळावर टकटक केलं आणि कान लावला.

"मंग तिथून कुणी आज आपलं घर पाह्यलं तर?"

"चार वर्षांपूर्वीचं दिसंल, आत्या."

"म्हंजी नामा चाकावर हाय," ती म्हणाली, आणि उठून आत गेली.

सकाळी उठून पाहतो तर घराच्या दक्षिणेच्या भिंतीला तिनं पहारीनं हे एवढं खिंडार पाडलेलं. आमच्याकडं दक्षिणेला कुणी खिडकी ठेवत नाही. ती यमाची दिशा. वडील माझ्यावरच उखडले. "लोकं शिकून नोकरी आणतेत, ह्यानं भूत आणलं," म्हणाले.

तेव्हापासून आत्या पुन्हा बोलायला लागली, पण बोलायची ते सगळं तिकडचं, त्या चांदणीवरून दिसणारं. रोज सकाळी चाकावर ओल्या मातीचा गोळा ठेवायची, संध्याकाळी वाळलेला उचलायची. चाकाला कुणाला हात लावू द्यायची नाही. श्राद्धाचं नाव काढलं की शांतपणे विचारायची, चाकावर बसलेल्या माणसाचं श्राद्ध कसं करायचं? पावसाळ्यात, हिवाळ्यात ती चांदणी संध्याकाळी नसते, हे मी तिला सांगून पाहिलं. तर म्हणाली, "दिसत न्हाई म्हणून तिथले पाहणारे उठून जातेत का?"

पुढच्या सुट्टीत मी ओट्यावर वाचत बसलो होतो. ती खिंडारातून बाहेर पाहत हसली. "आज तू तिथं पायरीवर बसून रडू राह्यलास. शाळंतून पळून आलायस, टोपी हरवली म्हणून. नामा त्याची तुला देऊ राह्यलाय." मी ते साफ विसरून गेलो होतो. माझा हात आपसूक डोक्याकडं गेला. त्यानंतर मी तिच्या अंगणात पाठ दक्षिणेकडं करून कधी बसलो नाही.

गल्लीतल्या बायका मडकी मागायला येईनाशा झाल्या. देणार तरी कुठून? चाक बंद, म्हणून भट्टी बंद. सखा दुसऱ्याच्या विटा थापायला जायचा. मी इंटरला एकदा गचकलो, पुन्हा बसलो, बी.ए.ला गेलो. तोवर सखा अंगापिंडानं भरला. शेवटच्या परीक्षेनंतर मी घरी आलो, तेव्हा त्यानं मला बाजूला घेतलं. यंदा मायनं चाक दिलं नाही, तर तो परतूरला सरकीच्या कारखान्यात जाणार होता, कायमचा. मग दोन्ही घरांत कुंभारकाम करणारा हात उरला नसता.

पण आत्याचं लक्ष दुसरीकडं होतं. ज्येष्ठ लागला होता, आणि तिकडं नामा गेला तो माघ लागला होता. पंचमीला तिनं चाकावर माती ठेवली नाही. "आज नामा मातीला जाणार हाय," एवढंच म्हणाली.

दिवस कलायला लागला तशी ती खिंडाराशी जाऊन उभी राहिली आणि हाका मारू लागली. "नामा, दरडीखाली बसू नको. भेग हाय तिला. वर ये, लेकरा." आवाज फाटला तरी थांबेना. आम्ही तिघं, मी, वडील आणि सखा, मागं उभे. तिला धरायची कुणाची हिंमत झाली नाही. अंधार झाला, बाभळींवर ती चांदणी दिसू लागली, आणि आत्या एकदम गप्प झाली. भिंतीला हात टेकून म्हणाली,

"त्यानं वर पाह्यलं. मंग दरड आली."

सखा खाली बसला. ही गोष्ट त्यानं आजवर कुणाला सांगितली नव्हती. "दादानं खरंच वर पाह्यलं होतं, माय. कुदळ थांबवली, मला म्हणला, माय हाका मारू राह्यली का रं? मी न्हाई म्हणलो. तू तर घरी होतीस."

मी शिकलेला माणूस. उजेड पुढं जातो, मागच्या काळात परत येत नाही, आणि आवाज तर तिथवर जातच नाही, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. आजही ठाऊक आहे. पण त्या संध्याकाळी मी तोंड उघडलं नाही.

आत्या सखाजवळ गेली. त्याच्या कपाळावर टकटक करून कान लावला, माझ्या कपाळाला लावायची त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ. मग त्याचं डोकं पोटाशी धरलं. "पोचला त्याला माझा आवाज," म्हणाली. आणि चार वर्षांत पहिल्यांदा रडली.

दुसऱ्या दिवशी तिनं स्वतः माती कालवून खिंडार बुजवलं, वरून शेणानं सारवलं. उरलेली माती तुडवून चाकावर ठेवली आणि सखाला म्हणाली, "बस." त्याचं पहिलं मडकं वाळून, भाजून निघालं तेव्हा तिनं ते कानाशी धरून वाजवलं. ते खणखणीत बोललं. ते तिनं विकलं नाही. नामाच्या श्राद्धाला पाणी त्याच मडक्यात भरलं.

त्या साली मी बी.ए. झालो, आमच्या कुळातला पहिला. सखानं चाक चालवलं, आणि दोन्ही घरांत दोन्ही वेळा चूल पेटली.