लाल दोरा बांधायचा राहिला तेव्हाच्या जगदाळे बाई

बाईंना पंचाहत्तर पूर्ण झाली, गौरवाचं पुस्तक काढायचंय, तुम्ही पण लिहा, असं वाचनालयाच्या मंडळींनी सांगितलं. मी चौथी शिकलेला माणूस. मोठाले शब्द मला येत नाय, आन् बाईंना ते चालत नाय. सत्काराचं भाषण लांबलं की त्या घड्याळाकडं बघतात. तवा जे झालं तेवढंच सांगतो.

दुष्काळात आम्ही मेंढरं विकून कन्नड तालुक्याकडून शहरात आलो. कामासाठी हिंडताना वाचनालयाच्या दारात माठ दिसला म्हणून थांबलो. आत जगदाळे बाई एकट्याच कपाट सरकवत होत्या. त्या तिथल्या ग्रंथपाल, हे मागून कळलं. पाणी प्यालो आन् कपाटाला हात लावला. बाई म्हणाल्या, "हळू. आतली पुस्तकं तुमच्या-माझ्यापेक्षा म्हातारी आहेत." दुसऱ्या दिवशी दुसरं कपाट निघालं. असं करत मी तिथं शिपाई झालो. जिल्द बांधायला बाईंनीच शिकवलं. त्यांनी मला कायम "काशिनाथराव, तुम्ही" असंच म्हणलं. माझ्या घरात मला कुणी राव म्हणत नाय.

बाई पुस्तकं पेटीत भरून खेड्यांवर पाठवायच्या. महिनाभर एका गावात, मग पुढच्या. पण कितीतरी वाड्यांवर एस्टी जात नव्हती. पाण्याचा टँकर मात्र जात होता. बाईंनी शफीकभाई टँकरवाल्याला गाठलं.

शफीकभाई म्हणाला, "बाई, लोगां पानी के वास्ते लडरे, आप किताबां भेजरे?"

"पाण्याची रांग किती वेळ असते?"

"दो-दो घंटे."

"तेवढा वेळ काय करतात?"

"बोले ना, लडते."

"मग तेवढा वेळ वाचतील. पेटी पुढं ठेवा, भिजू देऊ नका."

तवापासून पेटी टँकरवर.

जे पुस्तक एकुलतं एक, बाहेर द्यायचं नाय, त्याच्या जिल्दीला लाल दोरा. पुस्तकावरची चिठ्ठी वाचायला मला येळ लागायचा, म्हणून ही रीत बाईंनी माझ्यासाठी काढली. आन् माझ्याच हातनं ती मोडली.

अशी एक वही होती. एका मास्तरांनी मेंढपाळांसंगं हिंडून डोंगराकडचे झरे आन् बुजलेल्या बारवा, म्हंजे पायऱ्यांच्या विहिरी, लिहून ठेवल्या होत्या. कुठल्या झाडापासून किती पावलं, कुठल्या महिन्यात किती पाणी. दुसरी प्रत नाय. मास्तर वारल्यावर त्यांच्या लेकीनं, विमलताईंनी, वही बाईंच्या हातात दिली. अट एकच, ही बाहेर जाता कामा नाय. बाईंनी शब्द दिला. दर साली वडलांच्या तिथीला विमलताई यायच्या, घटकाभर वही उघडून बसायच्या आन् जायच्या.

त्या साली वहीची जिल्द सुटली. मी नवी बांधली, खळ वाळायला खिडकीत ठेवली, दोरा नंतर बांधू म्हणलं. दुसऱ्या दिवशी टँकरचा भोंगा वाजला. घाईत खिडकीतलं सगळं उचलून पेटीत भरलं. ध्यानात आलं तवा पेटी अजिंठ्याच्या बाजूला गेलेली, आन् विमलताई यायला आठ दिवस राहिलेले.

मी बाईंसमोर उभा राहिलो. म्हणलं, "माझ्या हातनं झालं. मला काढून टाका."

"तुम्हाला काढल्यानं वही येणार आहे का? चपला घाला."

टँकरातच बसून गेलो.  वाडीच्या देवळात पेटी होती, वही नव्हती.  एका म्हातारीला विचारलं. ती म्हणाली, "ती जुनी वही व्हय? ती खाली नेली की, गाळ काढाया."

खाली उतरलो. पंधरा-वीस बाया-माणसं बुजलेल्या बारवंतला गाळ उपसत होती. अंगणवाडीची बाई दगडावर बसून वही मोठ्यानं वाचत होती, "पिंपळापासून बारा पावलं." पिंपळ कवाच गेला होता, त्याच्या बुडख्यापासून त्यांनी पावलं मोजली होती. पायऱ्या उघड्या झाल्या होत्या आन् तळाला पाणी होतं. लई नाय, कळशी भरायला अर्धा तास लागंल इतकं.

वहीवर चिखलाची बोटं उमटलेली. मी हिसकायला पुढं झालो, बाईंनी माझा हात धरला. "थांबा. त्यांचं वाचून होऊ द्या."

अंगणवाडीची बाई घाबरली. "बाई, आम्ही चोरली नाय. पेटीत व्हती."

"माहीत आहे. चूक आमची आहे."

आमची म्हणाल्या. माझी होती.

तिथं दोन दिवस मुक्काम केला. अंगणवाडीच्या बाईकडून सगळी वही उतरून घेतली. ती प्रत वाडीला ठेवली, वही आम्ही घेऊन आलो.

विमलताई आल्या. बाईंनी काही लपवलं नाय, पहिल्यापासून सांगितलं. मी दाराआड उभा. विमलताई त्या डागांवर बोट फिरवत बसल्या.

"चिखल कुठला?"

"बारवेचा."

"पाणी लागलं?"

"लागलं."

मग त्या म्हणाल्या, "बाबांनी हे कपाटासाठी लिहिलं नव्हतं, बाई. मीच तुमच्याकडून भलता शब्द घेतला." तवा कुठं मी दाराआडून बाहेर आलो.

त्यानंतर लाल दोऱ्याच्या प्रत्येक पुस्तकाची बाईंनी प्रत काढायला लावली. आधी हातानं, पुढं झेरॉक्स. आमच्या प्रती कन्नडच्या आन् अजिंठ्याच्या वाचनालयात, त्यांच्या आमच्याकडं. लोक हसले. मग शहर वाढलं, रस्ता रुंद झाला, आमची इमारत गेली. पुस्तकं पडेगावच्या गोदामात पडून राहिली आन् वाळवीनं मास्तरांची वही खाल्ली. मी डोक्याला हात लावून बसलो. बाईंनी कन्नडला कार्ड टाकलं. आठवड्यात जीपनं प्रत आली. विमलताईंना कळवलं तर म्हणाल्या, "वाडीवर पण आहे ना? मग काळजी नाही." त्या रात्री मी निवांत झोपलो.

बाई अजून पेटी घेऊन वाड्यांवर जातात. आता त्यांच्या घरचे म्हणतात, ऊन आहे, वय झालं, घरी बसा. माझं घरच्यांना एवढंच सांगणं आहे, बाईंना लाल दोरा बांधू नका. फिरू द्या. त्यांना शंभर वर्षं मिळोत, गुडघे आन् डोळे शाबूत राहोत. मी कधीबी फोन केला तर घरातून हेच ऐकू येऊ दे, "बाई नाहीत, पेटी घेऊन गेल्यात."