अकराजणींची मजुरी

“हे सगळे पैसे तुमचेच?” रोह्याच्या कोर्टात जज मॅडमनी विचारलं.

“माझेच,” ती म्हणाली. एक पाय सारखा हलवत होती. स्थिर उभं राहणं तिला कधी जमलंच नाही.

मी मागच्या बाकावर होते. ती खोटं बोलत होती. तिच्या पासबुकातल्या दर बारा रुपयांतला एक तिचा, बाकीचे आमचे.

ती माझी रामवाडीतली शेजारीण. घटस्फोट झाला तेव्हा मुलगी बालवाडीत होती. तेव्हा मुलीची जी पोटगी ठरली, ती मुलगी सातवीत गेली तरी तेवढीच. बाप रोह्याला कंपनीत पर्मनंट. पेणच्या शाळेची फी भागेना, म्हणून तिने पोटगी वाढवून मिळायचा अर्ज केला. कोर्टाने कागद मागितले तेव्हा पासबुकाची झेरॉक्स स्वतःच नेऊन दिली. तीच आता त्याच्या वकिलाने वर धरली होती. “बाई एवढं कमावतात, मग वाढ कशाला?”

आम्ही बाराजणी घरी पापड लाटतो. शेठने रोख देणं बंद केलं, तेव्हा मीच आधी बोलले, “सगळ्यांची मजुरी हिच्या खात्यात टाका.” माझं एटीएम मुलाकडे, बाकीच्यांची नवऱ्यांकडे; आमच्या खात्यात आलेला पैसा आमच्या हाती लागला नसता.

“टाका माझ्या नावावर,” ती म्हणाली. “मला विचारणारा कोण हाय?”

एक तारखेला ती स्वयंपाकघरात पैसे वाटायची, तेही उभ्यानेच. चहा अर्धा ओट्यावर निवायचा. “बस गो जरा,” म्हटलं की म्हणायची, “मेल्यावर आडवीच व्हायचं हाय, काकी.”

अशी एखादी तुमच्याही आळीत असेल. कामापुरती सगळ्यांना आठवते.

कोर्टात मी उठले, बसले, परत उठले. बोलले मात्र नाही. बोलले असते तर नाव, सही, साक्ष. मुलाला या पैशांचं कळलं असतं.

परतताना एसटीत विचारलं, “आमची नावं का नाय घेतलीस?”

“मग मार कोणी खाल्ला असता? मी? मला मारणारा मी कवाच सोडलाय, काकी. त्या बायांनी नाय सोडला.”

“आणि पोरीची फी?”

ती वडखळ येईपर्यंत खिडकीची काच पुढे-मागे सरकवत राहिली.

अर्ज फेटाळला. आईची कमाई पुरेशी आहे, असं ठरलं. पुढच्या एक तारखेला तिने मजुरी वाटली. एकीने फाटकी नोट बदलून मागितली. मी माझी मोजून घेतली.

मे महिन्यात ती मुलीला घेऊन माहेरी, जित्याला गेली. पेणची शाळा सुटली. जाताना मुलगी माझ्याशी बोलली नाही. बरोबर केलं तिने.

आता मजुरी दुसऱ्या एका एकट्या बाईच्या खात्यात येते. भोगलं ते त्या मायलेकींनी. आम्हा अकराजणींच्या घरात कोणी आवाजसुद्धा चढवला नाही.