साहेबांचं पिंप

शेजारच्या तहसीलदारांचे खानसामाचाचा पिंपात कोळशाच्या धुरावर मटण शिजवत. खालच्या भोकापुढची वीट बोटभर सरकवून ते वारा देत आणि वर तळहात धरून आच जोखत.

तहसीलदारांचे वरचे साहेब, सुभेदार, जेवायला येणार त्या दिवशी तहसीलदार थर्मामीटर घेऊन आले आणि सारखं झाकण उघडू लागले. निखारे भडकले.

"साहेब, कामून उघडायलाव? मटण करपलं तर माझी नोकरी जाईल."

"चाचा, अंदाजावर राज्य चालत नसतं."

चाचांनी दुसरं पिंप पेटवून आत एक तंगडी टांगली. "हे तुमी सांभाळा." कुंपणाशी मी दिसले, तेव्हा हळूच म्हणाले, "अक्का, तुमी काही बघितलं न्हाई." मी मान हलवली.

साहेबांच्या पिंपातल्या तंगडीचा कोळसा झाला. चाचांचं मटण सुभेदारांनी वाखाणलं, तेव्हा साहेबांनी खिशातून थर्मामीटर काढून दाखवला.

पुढच्या दावतीला चाचांनी आधी साहेबांचं पिंप पेटवलं.