कार्डवाले आप्पा

आप्पा कॉम्प्युटर दुरुस्त करायला बसले की आधी कीबोर्डला हात लावत नसत, कॅबिनेटला लावत. उजवा तळवा पत्र्यावर ठेवायचा, डोळे मिटायचे आणि मिनिटभर गप्प बसायचं, पोराला ताप आलाय का बघावं तसं. आम्ही पंख्याच्या आवाजावरून मशीनची तब्येत ओळखायचो, पण आप्पांचे कान लूमने, कापडाच्या यंत्रमागाने, खाल्ले होते. बावीस वर्षं त्या खडखडाटात उभं राहिल्यावर दोन्ही कानांत मिळून पाव कान शिल्लक राहिला होता. विचारलं की म्हणत, "माले ऐकू येत नही, पन हातले समजस." आणि खरंच समजायचं. "याना पंखा अडकी ऱ्हायना," असं म्हणून त्यांनी कॅबिनेट उघडलं आणि पंखा ठणठणीत निघाला, असं मी तरी पाहिलं नाही.

मी काम करते ते ऑफिस सुरतच्या कापड मार्केटात चौथ्या मजल्यावर आहे. आम्ही साड्यांचे कॅटलॉग बनवतो. मॉडेल एकाच रंगाची साडी नेसून फोटो काढून घेते आणि निघून जाते. त्याच साडीचे बाकीचे सात रंग तिला आम्ही कॉम्प्युटरवर नेसवतो. आप्पा तिथे आले ते गठ्ठे बांधायला. लूम भंगारात गेले होते, पन्नाशी उलटली होती, दुसरं कोण काम देणार? तेव्हा एखादं मशीन बिघडलं की कॉम्प्युटरच्या दुकानातला इंजिनिअर तीन दिवसांनी उगवायचा आणि 'नवीन कार्ड टाका' एवढंच सांगून जायचा. आप्पा त्याच्या मागे उभे राहून बघत. हजार धाग्यांतला तुटलेला एक शोधण्यात ज्याचं आयुष्य गेलं, त्याला हे काही फार वेगळं वाटलं नसावं. दोन वर्षांत इंजिनिअरचं येणं बंद झालं. स्वतः मात्र त्यांनी जन्मात एक फोटो सुधारला नाही.

फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये एक चौकोन असतो. त्यात टिक केली की चित्र रंगवण्याचं ओझं ग्राफिक्स कार्ड उचलतं आणि काम पाखरासारखं उडतं. पण कार्ड आणि सॉफ्टवेअर यांचं पटलं नाही, की मग तमाशे सुरू होतात. पडद्यावर काळे चौकोन पडतात, ब्रश पुढे जातो आणि रंग मागून रांगत येतो, कधी सगळी खिडकीच पांढरी पडून बंद होते आणि दुपारभराची मेहनत पाण्यात जाते. आम्ही चार-पाच जणी एकदम "आप्पा!" म्हणून ओरडायचो. ते त्यांना ऐकू जायचं नाहीच, म्हणून कोणीतरी उठून खांद्याला हात लावायचं. आप्पा येत, आणि त्यांचं पहिलं औषध ठरलेलं. "पहिले बंद कर, मंग दखू." टिक काढायची, सॉफ्टवेअर पुन्हा उघडायचं. दुखणं थांबलं तर दोष कार्डाचा, नाही थांबलं तर दुसरीकडे शोधायचं. आमच्यातली एक गुजराती मैत्रीण त्यांना 'बंदवाले आप्पा' म्हणायची, पण मार्केटमध्ये नाव पडलं होतं कार्डवाले आप्पा. समोरच्या विंगमधूनही बोलावणी यायची.

एकदा पाच नंबरचं मशीन दर अर्ध्या तासाला बंद पडायला लागलं. दुकानातल्या माणसाने कार्ड मेलं म्हणून जाहीरही करून टाकलं होतं. आप्पांनी हात ठेवला, मान हलवली, कार्ड बाहेर काढून खिडकीपाशी नेलं. पंख्याच्या दांड्याला जरीचा एक धागा गुंडाळलेला होता आणि त्याच्यावर कापडाच्या तुसाचा बोळा बसला होता. त्यांनी तो धागा चिमट्याने सोडवला, दात घासायच्या जुन्या ब्रशाने पाती पुसली, आणि तो धागा आम्हाला दाखवत म्हणाले, "हाई दखा. आपलाच माल आपला गळा धरस." कार्ड पुढे तीन वर्षं चाललं.

गळ्यात काळ्या दोऱ्यात त्यांचा पेनड्राइव्ह असे. त्यात जुने ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारे छोटे प्रोग्रॅम. आपोआप नवा ड्रायव्हर उतरून सगळ्यांचे पडदे काळे झाले, की आप्पा सदऱ्याच्या आतून तो काढत आणि जुना ड्रायव्हर परत बसवत. कोणत्या मशीनला कोणता पचतो हे त्यांनी साड्यांच्या नमुन्याच्या पुठ्ठ्यांवर लिहून ठेवलेलं होतं, मशीनमागे एक-एक पुठ्ठा. "नवा ड्रायव्हर आन् नवी सून, पहिला आठवडा दोन्ही गुनाचे," हे त्यांचं आवडतं वाक्य. ते म्हणताना सून लिंबायतच्या घरी असायची म्हणून धीटपणा. मी म्हणायचे, "आप्पा, सांगू का वहिनीले?" आणि ते हमखास ऐकू न आल्याचं दाखवायचे.

मला हे काम त्यांनीच लावून दिलं. माझे वडील आणि ते एकाच लूमखात्यात होते. एकाचे कान गेले, दुसऱ्याची छाती. वडिलांना भेस्तानच्या आमच्या खोलीतून खाली उतरायचं म्हटलं तरी दोनदा बसावं लागायचं. दोन धाकटी भावंडं शिकत होती. कमावती मी एकटी. ऑफिसात अहिराणी बोलणारे आम्ही दोघंच, त्यामुळे दुपारचा डबा आम्ही एकत्र खायचो आणि ते मला 'माय' म्हणायचे. मला जे काही येतं त्याचा पहिला धडा त्यांचा आहे. "कपडं खरं शे, पडदा लबाड शे." साडीचा कटपीस मॉनिटरशेजारी धरायचा आणि पडद्यावरचा रंग त्याच्याशी जुळेपर्यंत सोडायचं नाही. आणि छापायला देण्याआधी एक पान दुसऱ्या मशीनवर उघडून बघायचं, कारण एकच पडदा लबाड असू शकतो, दोन सहसा एकच लबाडी करत नाहीत.

माझं मशीन तीन नंबरचं. त्याचं कार्ड वेगळ्याच प्रकारे बिघडलेलं होतं. टिक केली की मशीन बंद पडत नव्हतं, चौकोन नव्हते, काही नाही. फक्त लाल रंग जास्त भडक दिसायचा. आप्पांच्या मते हा सगळ्यांत वाईट रोग. "जे मशीन बंद पडस ते इमानदार शे," ते म्हणाले होते. "हाई हसी-हसी खोटं सांगस." त्यांनी पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'तीन नंबर, टिक नको', आणि शेठकडे नवीन कार्ड मागितलं होतं. शेठ "सीझन पछी" म्हणाले होते, म्हणजे सीझन झाल्यावर. तोवर मी टिकेशिवाय, बैलगाडीच्या चालीने काम करत होते.

मग लग्नाचा सीझन आला. शालूंचा कॅटलॉग होता, खानदेश आणि मराठवाड्यातल्या दुकानांसाठी. आपल्याकडच्या बस्त्यात शालू असल्याशिवाय चालत नाही आणि शालू म्हटला की कुंकवी रंग. चाळीसेक पानं माझ्याकडे होती. प्रेसवाला दाराशी उभा. शेठ बाहेरगावी. आप्पा त्या दिवशी समोरच्या विंगमध्ये कोणाचं तरी कार्ड बघायला गेले होते. एक-एक पडदा हलायला मिनिट लागत होतं, आणि मी टिक केली.

काय सुख होतं ते! सगळं पाण्यासारखं सरकायला लागलं. मी आप्पांचा धडा अगदी इमानाने पाळला. शालूचा कटपीस पडद्याशेजारी धरला. पडद्यावरचा लाल भडक दिसत होता, म्हणून कापडाशी जुळेपर्यंत मी तो उतरवत गेले, पान दर पान. पुठ्ठा मशीनच्या मागे होता. त्याच्यावर काय लिहिलंय हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही. एवढ्याशा फरकाने काय होतंय असं वाटलं. दुसऱ्या मशीनवर एकही पान उघडून पाहिलं नाही. संध्याकाळी सगळं प्रेसला गेलं आणि मी वेळेत घरी पोचले म्हणून खूशही होते.

छापून आलं तेव्हा कुंकवाचा रंग काळवंडलेला होता. वाळलेल्या रक्तासारखा. कॅटलॉग दुकानांत पोचून आठवडा झाला तसे फोन सुरू झाले. जळगावच्या एका व्यापाऱ्याने शेठना सांगितलं की बाया पान उलटतात आणि म्हणतात, लग्नाच्या बस्त्यात काळं कोण नेणार? खरा शालू लालच होता, गोदामात थप्प्या लावून ठेवलेला, पण तो उघडून दाखवायला कोणी मागतच नव्हतं. सीझनभर माल पडून राहिला.

फोन सुरू झाले त्याच आठवड्यात शेठनी आम्हा सगळ्यांना उभं केलं. "कोणे कर्यु आ?" आप्पा तीन नंबरपाशी गेले. सेटिंग उघडली. टिक तशीच होती. मी ती काढायलासुद्धा विसरले होते. त्यांनी मान वळवून एकदा माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता त्यात. असता तर बरं झालं असतं. मग त्यांनी टिक काढली आणि शेठना म्हणाले, "मैंने चालू किया था, शेठ. टेस्ट के लिए. बंद करना भूल गया."

मी तोंड उघडलं नाही. आजवर मी याची पुष्कळ कारणं शोधली, वडिलांची छाती, भावाची फी, घाबरलेपण. सगळी खरी आहेत आणि त्यातलं एकही पुरत नाही. मी माझ्या चपलेच्या अंगठ्याकडे बघत उभी राहिले आणि शेठ आप्पांना "काल थी नहीं आवता", उद्यापासून येऊ नका, म्हणाले तेव्हाही तिथेच बघत होते. आप्पांनी डबा पिशवीत टाकला. गळ्यातला पेनड्राइव्ह काढून माझ्या टेबलावर ठेवला. "जाय, बठ. कामले लाग, माय," एवढंच म्हणाले.

त्या वयात त्यांना बसायचं काम पुन्हा मिळालं नाही. ठेकेदारामार्फत ते इच्छापोरच्या एका कारखान्यात लागले, आवारात मालाच्या गाड्या भरायला. मी लिंबायतला त्यांच्याकडे गेले ते चार महिन्यांनी. चार महिने लागले मला. दाराबाहेर खुर्ची टाकून ते बसले होते. गल्लीत बाया भाजी निवडत होत्या, सून दारात उभी. मी त्यांच्याजवळ वाकून म्हटलं, "आप्पा, माले माफ करा." त्यांनी कानाला हात लावला. "काय म्हनस?" ते वाक्य आता ओरडून म्हणायला हवं होतं, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं. मी म्हटलं, "तब्येत कशी शे?" ते हसले. "तब्येतले काय व्हस. तीन नंबरले आते कोनता ड्रायव्हर शे?" मी सांगितलं. त्यांनी समाधानाने मान डोलावली आणि सुनेला चहा टाकायला सांगितलं.

पावसाळ्यानंतर कारखान्याच्या आवारात एक ट्रक मागे घेताना आप्पा त्याखाली आले. ड्रायव्हर हॉर्न देत होता म्हणे, सतत देत होता. आजूबाजूचे ओरडलेसुद्धा. दिवसकार्याला, गंधमुक्तीला, मी गेले होते. फोटोला हार घातलेला होता आणि सून माझ्या हातात पेढ्याएवढा बुंदीचा लाडू ठेवून म्हणाली, "तुमनं नाव कायम लेयेत. म्हनेत, पोरगी हुशार शे." मला तो लाडू खाता आला नाही. रुमालात बांधून आणला आणि भेस्तानच्या पुलाशी कुत्र्याला घातला.

पुढल्या वर्षी ऑफिसात सगळी मशीनं नवीन आली. लग्नाचा सीझन पुन्हा तोंडावर होता. एक दिवस मी शेठच्या केबिनमध्ये गेले, दार लावलं आणि सांगितलं. टिक मी केली होती, आप्पांनी नाही. आता नोकरी गेली तर जाऊ दे, असं घरून ठरवून आले होते.

शेठनी मोबाइल खाली ठेवला. "मने खबर हती, बेन," ते म्हणाले. त्यांना माहीत होतं. "आप्पा कोई दिवस टिक मारे नहीं, ए तो आखुं मार्केट जाणे." मी विचारलं, मग त्यांना का काढलं? "व्यापारी पार्टी को कोई एक नाम देना था. उन्होंने खुद दे दिया," शेठ म्हणाले. "तुम्हारी उमर कम थी, काम अच्छा था. वो तो वैसे भी बहरे थे." मोबाइल वाजला. तो उचलता उचलता त्यांनी विचारलं, "शालू के फोटो हो गए?"

मी "होत आले" म्हटलं, आणि बाहेर येऊन जागेवर बसले.