चिठ्ठीच्या पाठीवरचं साल

दुपारी रशीदभाईंच्या मुलीचा, शबानाचा, फोन आला. "मॅडम, अब्बा गेले." सकाळी औरंगपुऱ्यातून भाजी घेऊन आले होते म्हणे... महिना झाला, माझं मन अजून त्या फोनपाशीच उभं आहे.

नातवंडांनो, रशीदभाई आमच्या कार्यालयाचे अभिलेखपाल, म्हणजे जुने कागद सांभाळणारे. मी तेव्हा तिथली जन माहिती अधिकारी. माहितीच्या अधिकारात अर्ज आला की तीस दिवसांत माझ्या सहीनं उत्तर जायचं, कागद शोधायचे मात्र ते. निजामाच्या काळातल्या शाळांची रजिस्टरं उर्दूत, आणि मला उर्दूतले आकडे सोडले तर काही वाचता येत नव्हतं. तरी रुजू होताच कुणाला न विचारता मी त्यांचे बस्ते, म्हणजे फडक्यात बांधलेले गठ्ठे, सालवार लावले, प्रत्येकाला इंग्रजी सालाची चिठ्ठी बांधली. त्या टापटिपीचा मला फार अभिमान होता.

देवगाव रंगारीच्या सखूबाईंनी वडिलांच्या शाळेतल्या नोंदीची नक्कल मागितली. नातीच्या प्रवेशाला जातीचा दाखला लागत होता, त्यासाठी हवी होती. रशीदभाई तेव्हा शबानाच्या लग्नासाठी रजेवर. मी अर्जातल्या सालाची चिठ्ठी पाहून बस्ता काढला, उर्दू जाणणाऱ्या एका शिक्षकांना नाव तेवढं शोधायला सांगितलं. ते नव्हतं. तिसाव्या दिवशी 'नोंद आढळून येत नाही' असं लिहून मी सही केली. बाईंनी अपील केलं. रशीदभाईंनी परतल्यावर एका दिवसात नोंद काढून दिली, पण तोवर प्रवेश संपले होते.

सुनावणीत रशीदभाई म्हणाले, "रजिस्टर भलत्या बस्त्यात माझ्याच हातून गेलं."

"चाचा, तुमच्यापायी पोरीचं साल गेलं की," सखूबाई म्हणाल्या.

"व्हय, बाई."

त्यांना लेखी ताकीद मिळाली. बाहेर आल्यावर मीही सुनावलं, जरा पद्धतीनं ठेवत जा. ते नुसतं "जी, मॅडम" म्हणाले...

त्यांच्या जागी आलेल्या बाईंनी गेल्या आठवड्यात मला कार्यालयात बोलावून माझ्या चिठ्ठ्या उलटून दाखवल्या. प्रत्येकीच्या पाठीवर पेन्सिलीनं, रशीदभाईंच्या अक्षरात, दुसरं साल. रजिस्टरांवर फसली, म्हणजे निजामाच्या महसुलाचा सन होता. तो हिजरी समजून मी सालं काढली होती. नऊ वर्षांची चूक. रजिस्टर भलत्या बस्त्यात गेलंच नव्हतं. माझी एकही चिठ्ठी त्यांनी काढून टाकली नव्हती.

घरी येऊन मी हे लिहायला बसले.

सखूबाई, हे कुणी तुम्हाला वाचून दाखवलं तर ऐका. तुमच्या नातीचं साल माझ्यामुळे गेलं. चाचांमुळे नाही.